दुकानाची काच पुसायला कोणतं फडकं? दहा महिन्यांचा अनुभव

सोलापुरात आमचं चष्म्याचं दुकान आहे. दर्शनी काच आठ फूट रुंद, सात फूट उंच, तोंड पूर्वेला. सकाळी शटर वर गेलं की ऊन तिरकं पडतं आणि पुसताना राहिलेली एकेक रेघ समोरच्या फुटपाथवरून दिसते. ज्याच्या स्वतःच्या काचेतून नीट दिसत नाही त्याच्याकडून चष्मा का घ्यावा, असं गिऱ्हाइकाला वाटलं तर त्याची चूक नाही. गेल्या दिवाळीत मी हे काम स्वतःकडे घेतलं आणि तेव्हापासून आता श्रावणापर्यंत पाच प्रकारची फडकी वापरून झाली.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. एवढी मोठी काच फडक्याने पुसायची नसतेच. साबणपाण्याने ओली करायची आणि रबरी पात्याच्या वायपरने वरून खाली पाणी ओढायचं. फडक्याचं काम त्यानंतर सुरू होतं: चौकटीलगत राहिलेली पाण्याची रेघ, कोपरे, वायपरच्या दोन पट्ट्यांमध्ये सुटलेला ओघळ. काम एवढंसंच, पण काच चकचकीत दिसणार की डागाळलेली, ते इथेच ठरतं.

पहिल्यांदा वापरला तो टर्किश टॉवेल. सोलापुरात राहून दुसरं काय हाताशी येणार! पाणी तो भरपूर पितो, पण त्याच्या सुताचे फासे काचेवर तूस सोडतात. उन्हात ते पांढरे तंतू मोजता येतील इतके दिसतात. तरी टॉवेल मी टाकून दिलेला नाही. वायपर ओढताना खालच्या चौकटीवर तो लांब घडी करून ठेवतो, सगळं गळणारं पाणी तिथेच जिरतं. त्या जागेसाठी त्याच्याइतकं चांगलं काही मिळालं नाही.

मग बाजारातलं नवं पिवळं डस्टर आणलं. नव्या सुती कापडात खळ असते. ओल्या काचेवर ती उतरते आणि धुरकट पट्टा उमटतो. चार-पाच वेळा धुतल्यावर ते बरं झालं, पण तोवर माझे दोन आठवडे गेले. वर्तमानपत्राचा कागद आमच्या बाबांच्या आवडीचा. काच खरंच चमकते, पण बोटं काळी होतात, शाई पांढऱ्या चौकटीला लागते आणि कोपऱ्यात कागदाचा लगदा होतो. घरातल्या लहान आरशाला ठीक आहे, दुकानाला नाही.

मायक्रोफायबरकडे वळलो तेव्हा वाटलं, हे तर आपलंच कापड. चष्म्याबरोबर आपण रोज देतो ते. इथे मात्र मी चुकलो. गाडी पुसायचं जाड, मऊ, लवदार कापड घेतलं, ३५० जीएसएमच्या पुढचं. (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन.) ते पाणी धरून ठेवतं आणि कडेला दाबलं की तेच पाणी परत काचेवर सोडतं. शिवाय बोटाएवढ्या कोपऱ्यात जाड घडी शिरतच नाही. महिन्याभरात ते शोकेसवरची धूळ झटकायला गेलं.

मनासारखं कापड फेब्रुवारीत सापडलं. पातळ, सपाट विणीचं, हाताला जवळजवळ रेशमी लागणारं, खास काचेसाठीचं मायक्रोफायबर. चाळीस सेंटीमीटरचा चौरस. लेबलवर ८० टक्के पॉलिएस्टर, २० टक्के पॉलिअमाइड. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी पीत नाही. तो उभा चिरलेला असतो आणि त्या फटींमध्ये पाणी व तेलकटपणा ओढला जातो. धागा चिरलेला नसेल तर नाव मायक्रोफायबर असूनही कापड पाणी नुसतं पुढे ढकलतं. म्हणून घेताना कोरड्या तळहातावरून हलकेच फिरवून बघा, कातडीला किंचित अडकलं पाहिजे. घरी स्टीलच्या ताटलीत चमचाभर पाणी सांडून वर कापड टेकवा. पाणी लगेच वर खेचलं गेलं तर ठीक.

ते दोनदा दुमडलं की दोन्ही बाजू धरून आठ कोरे भाग मिळतात. एक ओला झाला की पुढचा. मी जवळ दोन कापडं ठेवतो. पहिलं चौकटीच्या कडांना, जिथे माती असते. दुसरं पूर्ण कोरडं, फक्त शेवटच्या हाताला. ही अदलाबदल कधीही होऊ देऊ नका. रस्त्याच्या धुळीतल्या वाळूत क्वार्ट्झ असतो आणि तो काचेपेक्षा कठीण. मळकं कापड कोरड्या काचेवर घासलं तर कायमचा ओरखडा उठतो.

आता पाण्याचं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, मधले दिवस बोअरवर. बोअरच्या पाण्यातले क्षार काच वाळली की पांढरे ठिपके होऊन बसतात आणि कोरड्या कापडाने ते निघत नाहीत. त्यासाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी लावून थोडं थांबावं लागतं. काचेसाठी मी नळाचंच पाणी बाजूला भरून ठेवतो. अर्धी बादली पाण्याला भांड्याच्या लिक्विडचे तीन-चार थेंब, जास्त नाही. जास्त साबण म्हणजे जास्त रेघा. एप्रिल-मेमध्ये तर वायपर फिरवायच्या आत पाणी वाळायचं, म्हणून काम रात्री दुकान बंद करताना नेलं. ट्यूबलाइटच्या उजेडात रेघ दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च काचेला चिकटवून तिरका धरला की दिसते. शेवटचा हात बाहेरून उभा आणि आतून आडवा मारतो. रेघ राहिलीच तर कोणत्या बाजूची, ते लगेच कळतं.

धुण्याबद्दल कुणी सांगत नाही. माझं एक चांगलं कापड मार्चमध्ये वाया गेल्यासारखं झालं. घरच्या धुण्यात टॉवेलांबरोबर गेलं आणि वर फॅब्रिक सॉफ्टनर. सॉफ्टनरचा थर फटी बुजवतो, टॉवेलचं तूस धाग्यात अडकतं. तीन-चार वेळा कोमट पाण्यात नुसत्या लिक्विड साबणाने धुतलं तेव्हा ते पुष्कळसं सुधारलं. आता ही कापडं वेगळ्या बादलीत, हाताने धुतो. इस्त्री नाही, उकळतं पाणी नाही. वाळत घालतो ते आत, कारण बाहेरच्या दोरीवर धूळच बसते.

आणि पाचवं फडकं, ज्याने मला खरंच आनंद दिला: आजोबांचं जुनं धोतर. वर्षानुवर्षं धुऊन त्यातली खळ, तूस सगळं निघून गेलेलं. काठ कापून फूटभराचे सहा तुकडे केले. कोपऱ्यात तर्जनीवर ताणून धरलं की चौकटीलगतची रेघ एका ओढीत टिपतं, मायक्रोफायबरइतकंच स्वच्छ. फक्त ते लवकर ओलं होतं, एका काचेला दोन तुकडे लागतात. मोठ्या भागाला मायक्रोफायबर आणि कोपऱ्यांना धोतर, हा आता माझा रोजचा क्रम. सहापैकी चार तुकडे उरलेत. आईकडे तिची जुनी सुती नऊवारी मागितली आहे, ती अजून द्यायला तयार नाही.