नावेला १९ ऐवजी १७ पिचचा पंखा (प्रोपेलर): काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या नावेला ११५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड (नावेच्या मागे बाहेरून बसवलेले) इंजिन असून, पूर्ण थ्रॉटलला त्याचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) ५००० ते ६००० यांच्या दरम्यान असावेत, असे त्याच्या पुस्तिकेत नमूद आहे. पंखा एका फेऱ्यात सैद्धांतिकदृष्ट्या जितके अंतर पुढे सरकतो, ती त्याची पिच. नावेसोबत आलेल्या १९ इंच पिचच्या तीन पात्यांच्या अॅल्युमिनियम पंख्यावर एकटा असताना ५१५० पर्यंत मजल जाई. मात्र टाकी भरलेली, चार माणसे आणि सामान अशी नेहमीची स्थिती असली की काटा ४७५० च्या वर सरकत नसे. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि फेरे मात्र अपुरे, अशा अवस्थेत इंजिन सतत दबून चालते, आत काजळी साचते आणि पिस्टनवर नको तितका ताण येतो, म्हणून मी पिच कमी करण्याचे ठरवले.

पिच एक इंचाने घटवली की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. त्या हिशेबाने तितक्याच व्यासाचा १७ पिचचा पंखा बसवला. आता भरलेल्या नावेत ५१५० आणि हलक्या नावेत ५५५० आरपीएम मिळतात, म्हणजे दोन्ही टोके मर्यादेच्या आत आहेत. चाचणी घेताना ट्रिम (इंजिनाचा पाण्यातील कल) नीट जुळवून, शांत पाण्यात, जाताना आणि येताना अशा दोन्ही दिशांच्या नोंदी घ्याव्यात. एकाच दिशेची नोंद वाऱ्यामुळे आणि प्रवाहामुळे फसवी ठरते.

कमाल वेगात जाणवण्याजोगा फरक पडला नाही. हलक्या नावेत जीपीएसवर ताशी ३६ मैल दिसतात. ५५५० ला १७ ने गुणून, गिअर गुणोत्तर २.१५ आणि १०५६ (मिनिटाला इंचाचे ताशी मैल करणारा आकडा) यांच्या गुणाकाराने भागले की सैद्धांतिक वेग सुमारे ४१.६ मैल येतो, म्हणजे घसर (सैद्धांतिक वेगापेक्षा प्रत्यक्ष वेगातील घट) १३ टक्क्यांच्या आसपास. अशा नावेसाठी ती योग्यच म्हणावी लागेल. खरा लाभ उठावात आहे. पूर्वी भरलेली नाव बराच वेळ नाक वर करून पाणी ढकलत राही, ती आता चटकन प्लेनवर येते, म्हणजे वर उचलली जाऊन पाण्याच्या पृष्ठभागावरून धावू लागते. वेगाच्या आकड्यावरून पंख्याची पारख करणाऱ्यांना हा बदल निरुपयोगी वाटेल, पण माझ्या मते ती पारखच अपुरी आहे.

याची किंमतही मोजावी लागते. मध्यम वेगाने जाताना तोच वेग राखण्यासाठी इंजिनाला आधीपेक्षा अधिक फेरे घ्यावे लागतात, त्यामुळे आवाज वाढला आहे. नेहमी एकट्याने लांबचा पल्ला गाठणाऱ्याला १९ पिचच अधिक सोयीची वाटू शकेल.

मध्यंतरी फेरे पुन्हा दीडशेने उतरले. पाती तपासली असता ती धड होती, परंतु नावेच्या तळावर शेवाळाचा थर चढला होता. तो खरवडून काढताच आकडा पूर्ववत झाला. पिच बदलण्याआधी तळ स्वच्छ आहे ना आणि पाते कोठे वाकलेले नाही ना, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे. जुना पंखा मी नट, वॉशर आणि स्प्लिट पिनसह नावेतच ठेवला आहे. तो बसवण्याची वेळ आली, तर थ्रॉटल पूर्ण न उघडता परतायचे.