घरी रंगवलेले हेडलाइट आणि एलईडीची पट्टी: आठ महिन्यांनंतर

रंगपंचमीच्या आधीच्या रविवारी गाडीचे दोन्ही हेडलाइट काढून मी ओट्यावर मांडले, तेव्हा आईचा एकच प्रश्न होता, "अरे, पुन्हा बसतील ना नीट?" बसले. आता नोव्हेंबर संपत आलाय. मध्ये इंदूरचा कडक उन्हाळा, पूर्ण पावसाळा आणि साधारण नऊ हजार किलोमीटर झाले. काय टिकलं आणि काय काढून टाकावं लागलं ते सविस्तर लिहितोय, कारण हात घालण्याआधी मला असंच काहीतरी वाचायला हवं होतं.

गाडी 2013 ची साधी हॅचबॅक. आत एच-4 जातीचा 60/55 वॉटचा हॅलोजन बल्ब. काचा पिवळ्या पडल्या होत्या. आपण काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट असतं. त्यावरचा ऊन अडवणारा थर झिजला की प्लास्टिक पिवळं आणि खरखरीत होत जातं. खंडव्याला मावशीकडे जाताना सिमरोल सोडलं की भेरूघाट लागतो. तिथल्या वळणांवर लो बीममध्ये, म्हणजे खाली वळवलेल्या उजेडात, रस्त्याची कडच दिसेना, तेव्हा ठरवलं. हेडलाइट उघडायचेच आहेत तर आतली चंदेरी चौकट काळी करू आणि खालच्या कडेला एलईडीची पट्टीही घालू, हा हौसेचा भाग.

पहिला हेडलाइट उघडायला तीन तास लागले. काच आणि मागचं घर यांच्यामध्ये काळं ब्युटाइल, म्हणजे चिकट रबरी सील असतं. हीट गन कडेकडेने फिरवत ठेवायची, एका जागी धरली की प्लास्टिक वाकतं. ब्युटाइल मऊ झालं की खटके सोडवून दोन्ही भाग हळूहळू ओढायचे. तेव्हा त्याला संक्रांतीच्या गुळाच्या पाकासारख्या तारा सुटतात. त्यातली एक तार आतल्या वाटीवर पडली, ती मी बोटाने उचलली, आणि तिथे आजही नखाएवढा डाग आहे. आरशासारखी दिसणारी ती वाटी म्हणजे रिफ्लेक्टर, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असतो. ती पुसायचीही नाही, तिला रंग तर कधीच लावायचा नाही. रंग फक्त भोवतालच्या चौकटीला. काही गाड्यांमध्ये ब्युटाइलऐवजी कडक सील असतं, ते उष्णतेने सुटत नाही. तसं असेल तर हा नाद सोडा.

रंगाचं काम सोपं आहे, फक्त घाई चालत नाही, आणि ते मला फार उशिरा कळलं. चौकट भांड्यांच्या साबणाने धुतली, 600 च्या पेपरने घासली, प्लास्टिकचा प्रायमर मारला आणि मॅट काळ्याचे तीन पातळ हात दिले. उजवा हेडलाइट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काच चिकटवून बंद केला. डाव्याची पट्टी यायला उशीर झाला म्हणून त्याची चौकट आठवडाभर गच्चीवर उन्हात पडून राहिली. मे महिन्यात उजव्या काचेच्या आतून दुधी झाक दिसायला लागली. आधी वाटलं वाफ असेल, पण वाफ जाते, ही जाईना. डावी काच मात्र लख्ख. रंग एकच, हात तेच, फरक फक्त त्या आठवड्याचा! वरून सुकलेल्या रंगात द्रावक शिल्लक राहतं, बल्बच्या उष्णतेने ते बाहेर पडतं आणि त्यातल्या त्यात थंड काचेवर बसतं. जूनमध्ये उजवा पुन्हा उघडून काच आतून साबणाच्या पाण्याने धुवावी लागली. आता कुणी विचारलं की मी पहिली हीच गोष्ट सांगतो: रंगवलेली चौकट निदान आठवडाभर उन्हात ठेवा, नाकाजवळ धरून वास घ्या, वास येत असेल तर बंद करू नका.

बाहेरून काच घासायचे पेपर सियागंजमधून आणले. 800, 1000, 1500, 2000, 3000 असे चढत्या क्रमाने, पाणी मारत, दर वेळी दिशा बदलून. पुसून वाळवली की काच धुकट दिसते, क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, बसला की पारदर्शक होते. तो टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) क्लिअर मी घरी मारला नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्यापुढे साधा मास्क कामाचा नाही. ओळखीच्या पेंटरच्या बूथमध्ये करून घेतला, तो आजही स्वच्छ आहे. टूथपेस्टचा उपाय मी आधी करून पाहिला होता, तो दीड महिनाही टिकला नाही. थिनर तर पॉलिकार्बोनेटला लावूच नका, बारीक तडे जातात.

एलईडीच्या पट्टीबद्दल समाधान आहे, एका तक्रारीसह. गाडी चालू असताना बारा व्होल्टच्या लाइनवर चौदाच्या आसपास व्होल्टेज असतं. माझ्या पट्टीला ते व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर नव्हता, दुकानदाराने गरज नाही म्हणून सांगितलं. चौथ्या महिन्यात डाव्या पट्टीचे तीन दिवे गेले. उजवा उघडलेलाच होता, म्हणून तेव्हाच डावाही खोलून दोन्ही पट्ट्या बदलल्या आणि रेग्युलेटर टाकला. त्यानंतर काही नाही. वायर थेट बॅटरीवर न नेता फ्यूज बॉक्समधून, इग्निशनबरोबर चालू-बंद होणाऱ्या जागेवरून, स्वतंत्र छोटा फ्यूज लावून घ्या.

आता बल्ब. मी एच-4 च्या जागी बसणारे एलईडी बल्बही लावले होते. भिंतीवर उजेड पांढराशुभ्र, गाडीत बसल्यावर फार भारी वाटायचं. पण खंडव्याच्या पहिल्याच फेरीत समोरचे ट्रक एकामागून एक डिपर मारायला लागले. माझा तर लो बीम होता. मावशीकडे पोचल्यावर काका गाडीसमोर उभे राहिले, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाले, "समोरच्याला दिसायला नको का रे?"

कारण नंतर समजलं. एच-4 मध्ये दोन फिलामेंट असतात आणि लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती खालचा प्रकाश अडवते, म्हणून उजेड वर जात नाही. रिफ्लेक्टरचा आकार त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या चिपा दोन बाजूंना, वेगळ्या आकाराच्या. उजेड भरपूर, पण नको तिथे सांडतो, आणि पावसात तर तो पांढरा उजेड थेंबांवरूनच परत डोळ्यांत येतो. शिवाय मोटर वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलंय. दोन आठवड्यांत ते बल्ब काढले.

त्याऐवजी मूळ हॅलोजन आणि रिले हार्नेस, म्हणजे बॅटरीपासून बल्बला थेट वीज देणाऱ्या जाड वायरी आणि रिले. हे मला आधीच सुचायला हवं होतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट आणि बल्बच्या कनेक्टरवर 11.9, म्हणजे दोन व्होल्ट जुन्या बारीक वायरीतच जात होते. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर प्रकाश जवळजवळ तीस टक्के घटतो. रिलेनंतर बल्बवर 13.5 मिळतात. स्वच्छ काच आणि पूर्ण व्होल्टेज, एवढ्यानेच एलईडीची आठवण राहिली नाही.

पावसाळ्यात काचेच्या कोपऱ्यात दोनदा धुकं धरलं, दिवे लावल्यावर दहा मिनिटांत गेलं. मागच्या हवेच्या नळ्या मोकळ्या असल्या की एवढं होतंच. थेंब ओघळून तळाशी पाणी साठलं तर मात्र ब्युटाइल कुठेतरी सुटलंय. माझं सुटलं नाही, कारण जुनं पूर्ण खरवडून नवीन भरलं होतं.

आणि हेडलाइट काढण्याआधी सपाट जागेवर, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून लो बीमच्या उजेडाची वरची रेघ चिकटपट्टीने आखून ठेवा. ती रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली, आणि डावीकडे तिरकी वर चढलेली हवी. बसवल्यावर स्क्रू फिरवून तिथेच आणायची. माझा उजवा दिवा बसवल्यावर वीतभर वर गेला होता.

भाऊबीजेला खंडव्याहून रात्री परतलो. भेरूघाटात डावीकडची पांढरी रेघ वळणापर्यंत दिसत होती, आई मागच्या सीटवर झोपली होती, आणि समोरून आलेल्या एकाही ट्रकने डिपर मारला नाही.