ग्लुकोमीटरची पट्टी की दंडावरचा सेन्सर?

इन्सुलिन घेणाऱ्याने बोट टोचून पट्टीवरच भागवावं की दिवसरात्र साखर मोजत राहणारा सेन्सर दंडाला लावावा, असं आमच्या यावलकडे हल्ली बरेच जण विचारतात. मी आठ वर्षं पट्टीवर काढली आणि गेल्या दीड वर्षात सहा सेन्सर वापरले. सांगतो ते माझ्या अनुभवावरून, तुमचं थोडं वेगळं निघू शकतं.

टोचण्याचा त्रास मला कधी वाटला नाही. केळीच्या बागेत काम करून बोटं राठ झालेली आहेत. त्रास होता वहीचा. उपाशीपोटी 120-130, जेवणानंतर दोन तासांनी 150-160, पानंच्या पानं अशी भरलेली. आणि तीन महिन्यांची शुगर (सरासरी सांगणारी HbA1c तपासणी) काढली की 8.6 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वहीच्या मानाने बरीच जास्त. दर वेळी तेच. डॉक्टर वही बघायचे, रिपोर्ट बघायचे, मग माझ्याकडे बघायचे. बोलले कधी नाहीत, पण मी आकडे मनाने लिहितो असं त्यांना वाटत असावं. घरातही शंका यायला लागली की मी बाहेर काही गोडधोड खातो. वहीतला एकही आकडा खोटा नव्हता, पण ते कुणाला पटवून द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. मधुमेहाने छळलं नसेल तेवढं या गोष्टीने मला छळलं.

पहिला सेन्सर लावला आणि त्याच आठवड्यात उलगडा झाला. रविवारी वरण-बट्टी होती, आणि बट्टीवर तूप घालताना आमच्याकडे हात आखडत नाहीत. दोन तासांनी आकडा 158. वहीत एवढंच गेलं असतं. पण फोनवरची साखरेची रेष तिथून चढत गेली आणि चौथ्या तासाला 247 वर पोचली. तुपामुळे पोट सावकाश रिकामं होतं, साखर रक्तात उशिरा उतरते. ती वाटेत असतानाच मी बोट टोचून मोकळा होत होतो! शेवभाजीचंही थोडंफार तसंच निघालं. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीची रेष मात्र माझ्यापुरती बरीच सपाट राहिली. डॉक्टरांनी ती रेष नीट बघितली, इन्सुलिनची मात्रा बदलली. आता तीन महिन्यांची शुगर 7.4 आहे.

शेतीला रात्रीची लाईट असली की आणखी एक फरक कळतो. चिखलाच्या हाताने पट्टी वापरता येत नाही, आणि बोटाला पिकल्या फळाचा रस लागलेला असला तर आकडा खोटाच वाढून येतो. सेन्सरला बाहीवरून फोन लावला की आकडा दिसतो, शेजारी बाणही. 110 आणि बाण खाली, म्हणजे आधी काहीतरी खायचं, मग मोटर. पट्टी नुसतं 110 सांगते.

सेन्सरमध्येही खोडी आहेत. मे महिन्यात घामाने माझे दोन सेन्सर 14 दिवस पुरे व्हायच्या आत सुटले. आता वरून चिकटपट्टी लावतो. त्याच दंडावर झोपलं की आकडा खोटा खाली जातो आणि मध्यरात्री फोन वाजतो. पहिल्या दिवसाचे आकडे मी फारसे धरत नाही. शिवाय तो मोजतो कातडीखालच्या द्रवातली साखर, त्यामुळे रक्ताच्या 5-10 मिनिटं मागे असतो. हातपाय थरथरतायत आणि सेन्सर 90 म्हणतोय, अशा वेळी बोटच टोचावं. ग्लुकोमीटर घरात ठेवाच.

पैशाचं म्हणाल तर एका सेन्सरमध्ये माझ्या कित्येक महिन्यांच्या पट्ट्या येतात. बारमाही लावणं मला परवडत नाही. तीन महिन्यांतून एकदा लावतो, औषध बदललं की किंवा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास, आंब्याच्या दिवसांत.

नुसत्या गोळ्यांवर असाल आणि वही रिपोर्टशी जुळत असेल तर पट्टी पुरेशी आहे, असं मला वाटतं. जुळत नसेल तर डॉक्टरांना विचारून एकदा तरी सेन्सर लावून बघा. आणि त्या 14 दिवसांत मुद्दाम पथ्य पाळू नका, रविवारची वरण-बट्टी नेहमीसारखीच होऊ द्या.