डबा टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक : साडेचारशे रुपयांच्या कन्व्हर्टरचा चार महिन्यांचा अनुभव

सासूबाईंच्या खोलीतला ओनिडाचा एकवीस इंची टीव्ही आम्ही 1999 साली घेतला आणि तो आजही विनातक्रार चालतो, हीच या प्रकरणातली मूळ अडचण आहे. बिघडला असता तर प्रश्नच मिटला असता. पार्ल्याच्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीत मोठा स्मार्ट टीव्ही आहे, पण संध्याकाळनंतर तो मुलांच्या आणि क्रिकेटच्या ताब्यात असतो. सासूबाईंना हव्या असतात त्या दुपारच्या झोपेत हुकलेल्या मालिका आणि रात्री एखादे जुने मराठी नाटक, आणि या दोन्ही गोष्टी आता केबलपेक्षा ॲपवर अधिक सहज मिळतात. टीव्हीला लावून इंटरनेटवरची ॲप पडद्यावर दाखवणारी एक फायर टीव्ही स्टिक घरात वापराविना पडून होती. तिला चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीचे चपटे तोंड, तर टीव्हीच्या पाठीमागे एव्ही जोडणीची पिवळे, पांढरे आणि लाल अशी तीन गोल छिद्रे. एचडीएमआयचे पहिले प्रमाण डिसेंबर 2002 मध्ये जाहीर झाले, म्हणजे आमचा टीव्ही त्याहून तीन वर्षांनी थोरला. त्याला हे तोंड असण्याचा प्रश्नच नव्हता. या दोघांची गाठ घालून देणारी, काड्यापेटीहून थोडी मोठी डबी म्हणजे एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर.

ही डबी घेण्यासाठी मी लॅमिंग्टन रोडला गेले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव असले तरी ग्रँट रोड स्टेशनला उतरून कोणीही लॅमिंग्टन रोडच विचारतो. पहिल्या फेरीत माझी चूक झाली आणि ती इतकी सहज होण्यासारखी आहे की सविस्तर सांगते. या डब्या दोन प्रकारच्या असतात : एक नव्या उपकरणाचे चित्र जुन्या टीव्हीवर नेते, दुसरी जुन्या उपकरणाचे चित्र नव्या टीव्हीवर. दोन्हींचा आकार तोच, रंग तोच, छिद्रे तीच. फरक फक्त वरच्या छापील अक्षरांच्या क्रमात. ज्या शब्दाने नाव सुरू होते तिथून चित्र आत जाते, म्हणून आपल्याला हवी त्या डबीवर एचडीएमआय आधी आणि एव्ही नंतर असले पाहिजे. मी उलटी डबी घेऊन आले, तासभर वायरी काढल्या-घातल्या आणि टीव्हीलाच दोष देत बसले. दुसऱ्या दिवशी दुकानदार शांतपणे म्हणाले, “ताई, बिघडलेली डबी बदलून देतो, चुकलेली नाही.” त्यांचे म्हणणे रास्त होते. दुसरी डबी 450 रुपयांना घेतली. तिच्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही.

याच दुकानांत आणि ऑनलाइनही एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांच्या पिना अशी नुसती वायर डबीच्या निम्म्याहून कमी किमतीला मिळते. ती घेऊ नये. स्टिकमधून निघणारा संदेश डिजिटल असतो आणि जुन्या टीव्हीला ॲनालॉग संदेश हवा असतो. मध्ये रूपांतर करणारी चिप आणि तिला लागणारी वीज नसेल तर वायर कितीही चांगली असली तरी पडद्यावर काहीही उमटणार नाही.

जोडणी तशी दहा मिनिटांची आहे. स्टिक थेट डबीत बसते, डबीतून तीन पिनांची वायर टीव्हीत जाते आणि टीव्हीच्या रिमोटवर एव्हीचे बटण दाबायचे. जुन्या टीव्हीला यूएसबी नसल्यामुळे स्टिकला तिचा स्वतःचा चार्जर आणि डबीला दुसरा, असे दोन चार्जर लागतात. आमच्याकडे जुन्या मोबाइलचा पाच व्होल्टचा चार्जर डबीच्या कामी आला. डबीला वेगळी वीज न देताही चित्र येते असे काही जण सांगतात. मी तेही करून पाहिले. चित्र आले, पण दर काही मिनिटांनी थरथरून नाहीसे होत राहिले. खोलीत एकच सॉकेट असल्याने आता तिथे एक्स्टेंशन बोर्ड लोंबतो आहे, आणि तो सासूबाईंना अजिबात आवडलेला नाही.

पहिल्यांदा चित्र आले ते कृष्णधवल. नाटक जुने असल्यामुळे सासूबाईंना त्यात काही वावगे वाटले नाही, आणि मालिका लावेपर्यंत मलाही शंका आली नाही. डबीच्या बाजूला नखाने सरकवण्याइतकी एक बारीक कळ असते, तिची एक बाजू एनटीएससी आणि दुसरी पाल. अमेरिकेत आणि जपानमध्ये टीव्हीच्या चित्राची 525 रेषांची व सेकंदाला 60 फील्डची (फील्ड म्हणजे एका चौकटीतल्या निम्म्या रेषा) एनटीएससी पद्धत होती. आपल्याकडे दूरदर्शनपासून 625 रेषांची, 50 फील्डची पाल पद्धत चालत आली, आणि या दोन पद्धतींत रंगाची माहिती वेगवेगळ्या वारंवारतेवर बसवलेली असते. आमची डबी एनटीएससीवर लावलेली आली होती. टीव्हीने चित्र ओढून घेतले, पण रंग त्याला उलगडेना. कळ पालवर सरकवली आणि शालूंचे रंग खोलीत उतरले.

यानंतर स्टिकच्या सेटिंगमध्ये दोन बदल करावे लागतात, आणि माझ्या मते या डबीबद्दलच्या निम्म्या तक्रारी हे बदल न केल्यामुळेच असाव्यात. पहिला बदल आवाजाचा. काही चित्रपटांत चित्र दिसते आणि आवाज येत नाही, कारण स्टिक डॉल्बीचा आवाज तसाच पुढे धाडते आणि या साध्या डबीला तो कळत नाही. आवाजाच्या सेटिंगमध्ये सराउंडऐवजी पीसीएम, म्हणजे साधा स्टिरिओ आवाज, निवडला की प्रश्न सुटतो. दुसरा बदल चित्राचा. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आपोआप निवडण्याऐवजी 1080पी, 50 हर्ट्झ असे ठरवून द्यावे. आपल्या मालिकांचे चित्रण सेकंदाला 25 चौकटींच्या हिशेबाने होते आणि पालचा टीव्ही 50 वर चालतो, त्यामुळे मधल्या डबीला चौकटी गाळाव्या किंवा वाढवाव्या लागत नाहीत. 60 वर ठेवले असता चालणारे माणूस दर काही पावलांनी किंचित अडखळल्यासारखे दिसत होते. 50 वर ते नीट चालू लागले. स्टिक फोरकेची असेल आणि सुरुवातीला पडदा काळाच राहिला, तर तिच्या रिमोटवरचे वरच्या बाणाचे आणि चित्र मागे नेण्याचे (रिवाइंड) अशी दोन बटणे दहाएक सेकंद एकत्र दाबून धरावीत. मग ती एकेक रिझोल्यूशन आळीपाळीने लावून दाखवते आणि डबीला पेलणारे रिझोल्यूशन आले की चित्र उमटते.

एक अडचण मात्र सेटिंगने सुटत नाही. पैसे भरून पाहायच्या ॲपवरचे चित्रपट एचडीसीपी नावाच्या कुलपात बंद असतात आणि समोरच्या उपकरणाने ओळख पटवली तरच ते उघडते. आमची डबी ती ओळख देते. शेजारच्या वहिनींनी ऑनलाइन मागवलेली, दिसायला अगदी तशीच डबी देत नाही : होम स्क्रीन दिसते, पोस्टर दिसतात, आणि चित्रपट सुरू केला की काळोख. बाहेरून दोन्हींत काहीच फरक करता येत नाही. म्हणून स्टिक सोबत घेऊनच दुकानात जावे, मोबाइलचे हॉटस्पॉट सुरू करावे आणि पैसे भरलेल्या ॲपवरचा एखादा चित्रपट दुकानातल्या टीव्हीवर पाच मिनिटे चालवून पाहावा. नुसती होम स्क्रीन पाहून पैसे देऊ नयेत.

आता चित्राविषयी. स्टिक 1080 रेषा देते, पालच्या टीव्हीवर त्यांपैकी दिसू शकतात 576, आणि त्यातही पिवळ्या पिनेच्या एकाच तारेतून उजेड आणि रंग एकत्र जात असल्यामुळे दोघे एकमेकांत मिसळतात. याचा परिणाम कुठे दिसतो ते मला नाटक पाहताना कळले : नायकाच्या बारीक चौकड्यांच्या शर्टावर तो हलला की इंद्रधनुष्यासारख्या लाटा उठतात, आणि लाल साडीचा काठ शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर थोडा ओघळतो. चेहरे मात्र उत्तम दिसतात. पिक्चर ट्यूबचा काळा रंग खरोखर काळा असतो आणि त्वचेचा रंग मऊ दिसतो, त्यामुळे जुने चित्रीकरण आमच्या मोठ्या टीव्हीवर जितके फाटलेले दिसते तितके इथे दिसत नाही. जुन्या नाटकांसाठी मला हाच टीव्ही अधिक बरा वाटतो.

अक्षरांचे मात्र हाल आहेत. ॲपमधली नावे, सबटायटल आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्रिकेटची धावसंख्या सहा फुटांवरून वाचता येत नाही. शिवाय या टीव्हींची चौकट चित्राच्या कडा थोड्या खाते, त्यामुळे खालची पट्टी अर्धी कापली जाते. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या कॅलिब्रेशनने चित्र आत ओढून घेता येते, पण अक्षरे आणखी बारीक होतात.

“माणसं सगळी वाळल्यासारखी का दिसताहेत गं?” हा सासूबाईंचा पहिल्या दिवशीचा प्रश्न अगदी बरोबर होता. स्टिकचे चित्र 16:9 या प्रमाणाचे आणि पडदा 4:3 चा, आणि डबी ते आडवे चित्र चेपून पडद्यावर पूर्ण बसवते. आमच्या टीव्हीच्या मेनूमध्ये 16:9 चा पर्याय निघाला, तो निवडल्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि माणसे पूर्ववत झाली. सगळ्या जुन्या टीव्हींत हा पर्याय नसतो, हे डबी घेण्याआधीच पाहून ठेवावे.

या पट्ट्यांमुळे मी एकदा मोजपट्टी घेऊन बसले. आमच्या पडद्याची दिसणारी रुंदी सुमारे 41 सेंटिमीटर आणि उंची 31; पट्ट्या वगळता चित्र उरते ते जेमतेम 23 सेंटिमीटर उंचीचे. चोवीस इंची एलईडी टीव्हीवर तेच चित्र 53 बाय 30 सेंटिमीटरचे मिळते आणि तो टीव्ही सुताराने एकवीस इंचीसाठी बेतलेल्या आमच्या शोकेसच्या खणात बसतोही. बत्तीस इंची बसत नाही, आणि घरातली चर्चा इतके दिवस त्या बत्तीसवरच अडली होती. म्हणून ज्यांच्याकडे स्टिक नाही आणि दोन्ही वस्तू नव्याने घ्यायच्या आहेत, त्यांनी स्टिक, डबी आणि चार्जर यांची बेरीज करून ती लहान एलईडीच्या किमतीशेजारी ठेवून पाहावी. स्टिक घरात असेल आणि टीव्ही धडधाकट असेल, तर साडेचारशे रुपयांत मिळणारे हे समाधान मला स्वस्त वाटते. नाटक-मालिकांसाठी मी या डबीला पाचपैकी चार गुण देईन, क्रिकेटसाठी एक.

रोजच्या वापरातली एकच कुरबुर उरते. नव्या टीव्हीत स्टिकच्या रिमोटने टीव्हीही चालू होतो. इथे तो निरोप डबीपाशीच थांबतो, त्यामुळे दोन रिमोट सांभाळावे लागतात. सासूबाईंनी टीव्हीच्या रिमोटला लाल लोकर गुंडाळली आहे आणि स्टिकच्या रिमोटला नाही, आणि चार महिन्यांत त्यांची गल्लत झालेली मी पाहिलेली नाही.

चुकून आणलेली पहिली डबी इतके दिवस ड्रॉवरमध्ये होती. गेल्या रविवारी ती बाहेरच्या मोठ्या टीव्हीला लावली, माळ्यावरचा व्हीसीडी प्लेअर तिला जोडला आणि आमच्या लग्नाची तबकडी घातली. चित्र बरेच धूसर होते, पण सासूबाईंनी पंगतीतली सगळी माणसे ओळखली.