वाफेचं ड्रिल आणि हिमनदीतली 19 भोकं: एका हंगामाचा अनुभव

जून ते ऑक्टोबर हा अख्खा हंगाम हे ड्रिल लाहौल-स्पीतीत, चंद्रा नदीच्या खोऱ्यात वापरलं. बटालच्या वर, साधारण 4,400 ते 5,000 मीटर उंचीवर 19 भोकं पाडली. काम एकच: बर्फात बांबू रोवायचा आणि हंगाम संपता संपता तो किती उघडा पडलाय ते मोजायचं, म्हणजे किती बर्फ वितळला ते कळतं. याच खोऱ्यात छोटा शिग्री हिमनदीवर 2002 पासून असं मोजमाप चालू आहे. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने 2016 साली उभारलेलं ‘हिमांश’ हे संशोधन ठाणंही याच भागात आहे.

यंत्राची रचना घरच्या प्रेशर कुकरसारखीच. पाठीवर घेता येईल असा बॉयलर, खाली गॅसचा बर्नर, वर प्रेशर गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. बॉयलरमधून वाफ जाडजूड आवरणाच्या लांब नळीने खाली जाते आणि टोकाच्या नोझलमधून बर्फावर आदळते. नोझल बसवलेली दांडी सरळ धरायची, जोर लावायचा नाही. ती स्वतःच्या वजनाने उतरते. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता सुटते आणि एक किलो बर्फ वितळायला 334 पुरतात. साडेतीन सेंटिमीटर रुंद, दहा मीटर खोल भोकातला बर्फ नऊ किलोच्या आत भरतो. म्हणजे कागदावर दीड लिटर पाणीही खूप झालं. प्रत्यक्षात बरीच उष्णता नळीत आणि भोकात साचलेल्या पाण्यात जाते, त्यामुळे पाण्याचा आणि गॅसचा हिशेब कितीतरी जास्त धरावा लागतो.

आधी आम्ही हाताने फिरवायचा ऑगर, म्हणजे स्क्रूसारख्या पात्यांचा गिरमिट, वापरायचो. पहाटेच्या कडक बर्फात तो छान चालतो, आणि बर्फाचा सलग नमुना हवा असेल तर वाफेचा काही उपयोग नाही, तिथे ऑगरच लागतो. पण जुलैच्या दुपारी बर्फ ओला असतो. भुगा पात्यांना चिकटतो, दर हातभर खोलीला ऑगर वर ओढून झटकावा लागतो. त्या उंचीवर तीन-चार मीटरमध्येच खांदे भरून येतात. दहा मीटरची भोकं पाडायची असतील तर मी बिनदिक्कत वाफेचं ड्रिल घ्या म्हणेन.

आता त्रास. अकराव्या भोकाला दांडी मध्येच थांबली. वाफ नुसती फुरफुरत होती, गेजचा काटा चढत गेला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्टी घालू लागला. बर्नर बंद केला, काटा शून्यावर येईपर्यंत थांबलो आणि नोझल उघडलं. आत राखाडी गाळ, रांगोळीपेक्षाही बारीक. हिमनदी खडक घासत सरकते, त्याचं ते पीठ. आम्ही ओढ्याचं पाणी तसंच बॉयलरमध्ये ओतत होतो. त्या दिवसापासून पाणी रात्रभर निवळू द्यायचं आणि चौपदरी मलमलीतून गाळून घ्यायचं, असा नियमच केला. नोझल पुन्हा तुंबलं नाही.

गॅसचंही तसंच. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास नीट वायूच होत नाही, प्रोपेन मात्र उणे 42 पर्यंत होतो. म्हणून मिश्रणात प्रोपेन जास्त असलेले डबे घ्या आणि रात्री ते तंबूत, थंडीपासून झाकून ठेवा. विमानात हे डबे नेता येत नाहीत, रस्त्यानेच न्यावे लागतात, तेव्हा मनालीतच मोजून भरा. आम्ही सुरुवातीला गॅस वाचवायला हिमनदीच्या खालच्या भागातली दोन भोकं पाच मीटरवरच थांबवली. तिथला उघडा बर्फ ऑक्टोबरपर्यंत चार मीटरच्या आसपास वितळला, उरलेल्या मीटरभर आधारावर बांबू कलंडले आणि दोन्ही ठिकाणची मोजमापं हातची गेली. हा तोटा अजून जिवाला लागतो. गेलेला हंगाम परत मोजता येत नाही.

दगडमिश्रित बर्फात दांडीला टक्क असा धक्का बसतो. तिथे हट्ट करू नका, हातभर सरकून नवं भोक घ्या. आणखी एक: भोकात पाणी भरतं आणि पोकळ बांबू तरंगून वर येतो. आमच्याबरोबरच्या लाहौली भाऊंनी तोड काढली. प्रत्येक पेराला छोटं भोक पाडून बांबू आदल्या दिवशीच पाण्यात बुडवून ठेवायचा. भिजलेला बांबू निमूट तळाशी बसतो.

पाच महिन्यांनंतर बॉयलर आणि बर्नर ठणठणीत आहेत. नळीच्या आवरणाला मात्र खडकावर घासून दोन ठिकाणी चिरा गेल्या आणि तिथून वाफ गळायला लागली. पुढच्या जूनसाठी नळीची दुसरी जोडी, दोन जादा नोझल आणि रबरी वायसरांचा संच मागवलाय. खालच्या भागातली भोकं या वेळी दहा मीटरच्या आत थांबवणार नाही.