मल्टीग्रेन ब्रेडचा रिव्ह्यू, पाकिटाच्या मागच्या बाजूने

नागपूरच्या धरमपेठमधल्या एका सुपरमार्केटमधून आम्ही ४०० ग्रॅमचं जे मल्टीग्रेन ब्रेडचं पाकीट आणतो त्याचा हा रिव्ह्यू आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याच रॅकवरची बाकीची पाकिटं उलटून पाहिली तर बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकाने हाच प्रकार निघतो. चवीचं आधी सांगून टाकते, चव खरंच छान आहे, मऊ आहे, तव्यावर भाजला की कडा कुरकुरीत होतात, मुलं कुरकुर न करता डब्यात नेतात. पण आमच्या घरी हा ब्रेड चवीसाठी येत नाही ना, सासूबाईंना शुगर आहे आणि सकाळच्या पोह्यांपेक्षा हा बरा म्हणून येतो, त्यामुळे रिव्ह्यू पण त्याच अंगाने लिहून राहिले.

समोरच्या बाजूला गव्हाच्या ओंब्या, ७ धान्यं-बियांचं चित्र, आणि खाली 'फायबरचा स्रोत'. मागे बारीक अक्षरात घटक. आपल्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम असा आहे की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं, आणि ज्या गोष्टीचा पाकिटावर गाजावाजा केला तिचं प्रमाण टक्क्यांत द्यायचं. आता या पाकिटावर पहिलं नाव आहे रिफाइंड गव्हाचं पीठ, म्हणजे मैदा. मग पाणी, मग आटा १८ टक्के, मग मल्टीग्रेन मिक्स ७ टक्के, मग साखर, ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रोटीन), यीस्ट, पामतेल, मीठ आणि पुढे रंग वगैरेंचे कोडचे आकडे.

या ७ टक्क्यांचा हिशोब करून बघा. ४०० ग्रॅमच्या लादीत साधारण २८ ग्रॅम मिक्स, लादीचे स्लाइस १६, म्हणजे एका स्लाइसमध्ये ज्वारी, नाचणी, ओट्स, सोयाबीन, जवस, तीळ, सूर्यफुलाच्या बिया हे सगळं मिळून पावणेदोन ग्रॅम. त्यातले तीळ आणि ओट्स तर वरच्या कडेला चिकटवलेले दिसतात, आणि टोस्ट करताना निम्मे तव्यावरच राहतात. मग ज्वारी-नाचणी किती उरली तुम्हीच सांगा. आणि ब्रेडचा तो तपकिरी रंग पाहून आपण समजतो की धान्याचा असेल, पण घटकांच्या शेवटी १५०ए लिहिलंय, तो कॅरॅमल रंग आहे. २८२ म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी लागू नये म्हणून, आणि ४७१, ४८१ इमल्सिफायर, ब्रेड मऊ राहावा म्हणून. हे सगळे परवानगी असलेले पदार्थ आहेत, त्यांना विष म्हणणारे मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतात ते मला पटत नाहीत. ब्रेड फुगावा म्हणून पिठात घालायचे ते पोटॅशियम ब्रोमेट मात्र आपल्याकडे २०१६ साली बंद केलं, ते चांगलंच झालं.

आता पोषणाचा तक्ता. सोय अशी की ४ स्लाइस म्हणजे बरोबर १०० ग्रॅम. त्यात २६५ किलोकॅलरी, प्रोटीन ९.२ ग्रॅम, कार्बोहायड्रेट ४९, वरून घातलेली साखर ४.१, फॅट ३.६, फायबर ४.२ आणि सोडियम ४६० मिलिग्रॅम. प्रोटीन वाईट नाही, मान्य आहे, पण त्यात वेगळ्या घातलेल्या ग्लुटेनचाही वाटा आहे. साखर म्हणजे साधारण एक चमचा, गोड लागत नाही म्हणून आपल्या लक्षातच येत नाही. आणि सोडियम बघा, सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं, म्हणजे ४ स्लाइसमध्ये १ ग्रॅमच्या वर मीठ, आणि डब्ल्यूएचओ म्हणते दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत ठेवा. ब्रेडवर बटर, सॉस, चीज आलं की ते आणखी वाढते. शुगरसोबत बीपी असलेल्या घरात हे पाहायलाच पाहिजे, आणि कोणीच पाहत नाही.

फायबरचं तर मला सगळ्यात जास्त लागलं. नियमाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅम फायबर असलं की 'स्रोत' लिहिता येतं, 'हाय फायबर' लिहायला ६ ग्रॅम लागतात. हा ४.२ वर आहे, म्हणजे दावा खोटा नाही, पण सासूबाई दोन स्लाइस खातात तेव्हा पोटात जातं २.१ ग्रॅम, आणि मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम पाहिजे. आपली ज्वारी घ्या, हैदराबादच्या एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत फायबर साधारण १० ग्रॅम आहे, तर ५० ग्रॅम पिठाची एक भाकर म्हणजे ५ ग्रॅम फायबर, तेवढंच प्रोटीन, आणि साखर घातलेलीच नाही. ब्रेडमध्ये पाणी असतं म्हणून नुसत्या वजनाची तुलना बरोबर नाही, पण कॅलरी सारख्या धरल्या, अडीच स्लाइस आणि ती एक भाकर, तरी भाकरीत फायबर जवळपास दुप्पट येते. विदर्भात ज्वारी पिकते, आणि आपण तीच चिमूटभर ज्वारी मैद्यात मिसळून महागात विकत घेऊन राहिलो, याचं खरंच वाईट वाटतं. जवसाचंही तेच, अख्खा दाणा बरेचदा न पचताच बाहेर पडतो, आपली भाजून कुटलेली जवसाची चटणी त्यापेक्षा कितीतरी कामाची.

प्रतापनगरकडच्या एका बेकरीत मी विचारलं की भाऊ पूर्ण धान्याचा ब्रेड काहून नाही बनवत, तर त्यांनी सरळ सांगितलं, "ताई, नुसत्या आट्याचा केला तर पाहिजे तसा फुगत नाही, दडस होते, मग कोणी घेत नाही." आणि ते खरंच आहे, ब्रेड फुगतो तो गव्हाच्या ग्लुटेनमुळे, ज्वारी-नाचणीत ते नसतं आणि कोंड्यामुळे त्याची जाळी तुटते, म्हणून मैदा किंवा वेगळं ग्लुटेन घालावं लागतं. मला त्यांचं सरळ बोलणं आवडलं. पाकीटवाल्यांनी पण समोरच मोठ्या अक्षरात '७ टक्के' लिहावं ना, ज्याला घ्यायचं तो घेईल.

ठेवण्याबद्दल एक सांगते, नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ठेवूच नका, पावसाळ्यात तर अजूनच लवकर बुरशी धरते. फ्रिजमध्ये बुरशी उशिरा लागते पण ब्रेड कडक पडतो, त्यापेक्षा फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागतील तेवढे स्लाइस काढून डायरेक्ट तव्यावर टाका.

माझ्याकडून पाचपैकी अडीच, त्यातले दोन चवीचे आणि मऊपणाचे. मुलांच्या सँडविचला आणीन, सासूबाईंसाठी बंद केला. त्यांच्यासाठी आता त्याच रॅकवरचा दुसरा आणते, ज्यात पहिलाच घटक आटा आहे आणि फायबर ७ ग्रॅम, थोडा महाग आहे आणि थोडा जाडाभरडा लागतो, पण चटणीसोबत त्या आवडीने खातात, बाकी दिवस भाकर. नागपुरात धान्याचे टक्के लिहून देणारी एखादी बेकरी कोणाला माहीत असेल तर नक्की सांगा, सदर, महाल कुठेही असो, मी जाऊन आणीन.