ब्रायन २ : चेतापेशींची समीकरणं चालवणारं सॉफ्टवेअर

चेतापेशींच्या जाळ्याचं मॉडेल संगणकावर चालवायचं असेल, तर सुरुवात पायथनमधल्या ब्रायन २ पासून करा. ते मोफत आहे आणि कागदावरचं समीकरण त्यात जवळपास तसंच लिहिता येतं. एककं मात्र द्यावीच लागतात. टाऊने (पेशीच्या काल-स्थिरांकाने) भागायचं राहून गेलं, तर दोन्ही बाजूंची एककं जुळत नाहीत आणि प्रोग्राम तिथेच अडतो. सुरुवातीला कटकट वाटते, पण याच्याइतकी कामाची सोय दुसरी नाही.

खरा सापळा रिफ्रॅक्टरी काळाचा, म्हणजे स्पाइक (विद्युत ठोका) दिल्यावर पेशी पुन्हा स्पाइक देऊ शकत नाही त्या वेळेचा. पेशींचा ग्रुप बनवताना हा काळ ५ मिलिसेकंद दिला, की पेशी तेवढा वेळ स्पाइक देत नाही. व्होल्टेज मात्र आतल्या आत चढतच राहतं. ते गोठवायचं तर समीकरणापुढे कंसात ‘अनलेस रिफ्रॅक्टरी’ लिहावं लागतं. विसरलात तर स्पाइकचा दर फुगतो आणि एररही येत नाही!

हॉजकिन-हक्सली समीकरणांना (पेशीच्या आयन-प्रवाहांचं तपशीलवार मॉडेल) समीकरण पायरी-पायरीने सोडवणारी साधी ऑयलर पद्धत आणि ब्रायनमधली मूळची ०.१ मिलिसेकंदाची वेळेची पायरी झेपत नाही. व्होल्टेज भरकटून ‘नॅन’ (‘ही संख्याच नाही’) येतं. एक्स्पोनेन्शियल ऑयलर निवडा, पायरी ०.०१ करा.

मेमरी सांभाळा. १०,००० पेशींचं व्होल्टेज दर ०.१ मिलिसेकंदाला नोंदवलं, तर एका सेकंदाच्या सिम्युलेशनला ८०० एमबी लागतात. पाच-दहा पेशींचं व्होल्टेज पुरे, बाकींच्या फक्त स्पाइकच्या वेळा घ्या. सी++ कंपायलर आधीच टाकून ठेवा, नाहीतर सगळं नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीवर रखडत चालतं.

डेंड्राइटच्या (पेशीकडे संदेश आणणाऱ्या तंतूंच्या) फांद्यांचं बारीक मॉडेल करायचं असेल, तर ‘न्यूरॉन’ हे जुनं सॉफ्टवेअर अधिक मुरलेलं आहे.